डबा आधी घेतला, लाइन नंतर शोधली



मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कोशाच्या कापडामुळे माहीत असेल. भंडारा जिल्ह्यात टसरचं विणकाम म्हटलं की या गावाचं नाव निघतंच. तिथल्या एका घरी मी गेलो होतो ते धंद्याचा हिशेब बघायला. दारावर दुकानाचा बोर्ड होता आणि बोर्डावरचा मोबाइल नंबर खिळ्याने खरवडून काढलेला होता. खाली खडूने दुसरा नंबर. तोही अर्धा पुसलेला.

विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "तो नंबर दिराचा होता सर. ते आता वेगळे झाले."

आठ वर्षं साडीच्या प्रत्येक खोक्यावर, प्रत्येक व्हिजिटिंग कार्डावर आणि प्रदर्शनातल्या फलकावर तोच नंबर छापला होता. दीर वाईट माणूस नाही. त्याने नागपूरला स्वतःचं दुकान टाकलं आणि स्वतःचा नंबर सोबत नेला, त्यात त्याची काय चूक? सिम त्याच्या नावावर, त्याच्या आधारवर. पण पुण्या-मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकाने फोन लावला की तो उचलणार नागपूरला. माग चालतात आंधळगावात, ऑर्डर घेतली जाते नागपुरात. यांना पत्ताही नाही की आपलं कोणतं गिऱ्हाईक कधी गेलं.

आपण दुकानाच्या जागेचा भाडेकरार करतो, ब्रँडचं नाव नोंदवतो, जीएसटी काढतो. आणि ज्या दहा आकड्यांवर अख्खा धंदा येतो, ते आकडे घरातल्या एकाच्या खिशात ठेवतो. मला हा लहान उद्योगातला सगळ्यात महागडा निष्काळजीपणा वाटतो. त्याचं बिल येत नाही, म्हणून कळत नाही एवढंच.

असो. नंबर गेल्यावर या घराने जे केलं, ते तुम्हीही करण्याची शक्यता आहे. म्हणून आजचा लेख.

ते नागपूरच्या एका विक्रेत्याकडे गेले आणि म्हणाले, "आम्हाला इंटरनेटवाली लाइन पाहिजे." त्याने त्यांना ३८ हजारांचं पॅकेज दिलं. आठ लाइनचं आयपी एक्स्चेंज, चार आयपी फोन, एक स्विच, केबल. बिलावर झोकात लिहिलेलं, 'संपूर्ण व्हीओआयपी सोल्यूशन'. मी गेलो तेव्हा हे सगळं कपाटावर ठेवलेलं, वर ओढणी झाकलेली. चारही फोन एकमेकांना लागत होते. घरातून रंगाच्या शेडमध्ये फोन लागायचा, शेडमधून घरात. बाहेर एकही कॉल जात नव्हता, बाहेरून एकही येत नव्हता.

दादा मला म्हणाले, "सर, मशीन चालू आहे, दिवे लागून राहिले, पण नंबरच लागून नाही राहिला."

नंबर नव्हताच हो! विक्रेत्याने यंत्र विकलं होतं. लाइन विकली नव्हती, आणि ती विकायचा त्याला अधिकारही नव्हता. ट्रॅक्टर घेतला आणि शेतच नाही, असा प्रकार.

यंत्र वेगळं, लाइन वेगळी

इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन गोष्टी असतात, त्या डोक्यात वेगळ्या ठेवा. एक म्हणजे तुमच्याकडचं यंत्र: साधा फोन, आयपी फोन, अ‍ॅडॉप्टर किंवा एक्स्चेंज. दुसरी म्हणजे परवानाधारक कंपनीने दिलेला नंबर आणि त्याचं खातं. या खात्याला एक युजरनेम, एक पासवर्ड आणि एका सर्व्हरचा पत्ता असतो. यंत्रात या तीन गोष्टी भरल्या की यंत्र त्या सर्व्हरकडे जाऊन हजेरी लावतं: 'मी इथे आहे, माझ्या नंबरवर कोणी फोन केला तर इकडे पाठवा.' ही हजेरी थोड्याथोड्या वेळाने परत लावली जाते. हजेरी चुकली की फोन मुका. या बोलीला एसआयपी म्हणतात. कॉल जोडणं-तोडणं हे तिचं काम, आणि प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने, लहान लहान पुड्यांमधून जातो.

ही पद्धत काही कालची नाही. आज वापरतात तो एसआयपीचा मसुदा जून २००२ चा. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला परवानगी १ एप्रिल २००२ पासून होती, पण ती अर्धीमुर्धी. नेटवरून देशातल्या साध्या फोनवर कॉल लावायला मोकळीक नव्हती. ती वाट खऱ्या अर्थाने २०१८ मध्ये मोकळी झाली, जेव्हा दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनी देता येईल हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी जुलैत बीएसएनएलने 'विंग्स' नावाची सेवा जाहीर केली. त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यात 'नेटवरचा फोन म्हणजे बेकायदेशीर' असं बसलंय, आणि नव्या माणसांच्या डोक्यात 'नेट आहे म्हणजे काहीही चालतं'. दोन्ही चूक. बेकायदेशीर भागाकडे मी शेवटी येतोच.

आता आंधळगावच्या घरात मी काय पाहिलं ते सांगतो. भिंतीवर फायबरचा पांढरा डबा होता. वर्षभर आधी मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला. मी तो फिरवून मागची बाजू बघितली. नेटच्या केबलची चार पोर्टं, आणि त्यांच्या बाजूला जरा लहान, टेलिफोनची पिन बसेल असं एक पोर्ट. त्यावर फोनचं चित्र. रबराचं झाकणसुद्धा कोणी काढलं नव्हतं.

तेच ते. फायबरच्या बहुतेक डब्यांवर हे पोर्ट असतं. त्याच्या आत एसआयपीचं सगळं गणित आधीच भरलेलं असतं. कंपनीने तिच्या बाजूने नंबर चालू केला की त्यात जुना बटणांचा फोन खुपसायचा, टोन येतो. नवं यंत्र घ्यायचं कामच नाही. फोन उचलणाऱ्याला कळतही नाही की आवाज नेटवरून जातोय.

३८ हजारांचं सामान कपाटावर आणि लागणारं पोर्ट भिंतीवर, फुकटात. दादांचा चेहरा मला अजून आठवतो. वहिनी मात्र हसल्या.

कंपनीकडे नंबरसाठी अर्ज केला, आठवडाभरात नंबर आला. एसटीडी कोडसकट, लँडलाइनसारखा. माळ्यावरचा जुना लाल फोन पुसून खाली आणला. लागला.

मग अडचणी सुरू झाल्या

पहिल्याच दिवशी तक्रार: लँडलाइनवर फोन जातो, मोबाइलवर जात नाही. कारण साधं आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. आपण सगळे मोबाइलवरून थेट दहा आकडे लावायला सोकावलोय. एक्स्चेंज वापरणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, कारण बऱ्याच एक्स्चेंजमध्ये बाहेरची लाइन घ्यायला शून्य दाबतात. म्हणजे एक शून्य एक्स्चेंजसाठी आणि दुसरं मोबाइलसाठी. एकच दाबलं की पहिलं एक्स्चेंज गिळतं आणि बाहेर चुकीचा नंबर जातो. यंत्रातल्या 'डायल प्लॅन' या भागात एकदा नियम लिहून टाकला की रोजची कटकट संपते.

दुसरी अडचण विजेची. जुनी तांब्याच्या तारेची लाइन आठवा. घरात अंधार असला तरी फोन चालायचा, कारण त्या तारेतून एक्स्चेंजच ४८ व्होल्टची वीज पाठवायचं. फायबर ही काच आहे, तिच्यातून वीज येत नाही. लाइट गेली की डबा बंद, फोन बंद. आणि गावात लाइट जातेच. बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो पहिल्या दिवशी घ्या. एक्स्चेंज नसलं तरी चालेल, यूपीएस पाहिजेच. आणि हो, आग, अपघात, दवाखाना अशा वेळी ११२ साठी मोबाइलच हाताशी ठेवा. नेटच्या फोनवर त्यासाठी अवलंबून राहू नका.

तिसरी गोष्ट त्या कपाटावरच्या सामानाची. फेकून तर देणार नव्हते. एक्स्चेंजच्या मागे बाहेरची लाइन घेणारं एक पोर्ट होतं. इथे एक बारीक भेद आहे, तो समजून घ्या. काही पोर्टं लाइन देतात, म्हणजे टोन देतात आणि घंटी वाजवतात. काही पोर्टं लाइन घेतात. फायबरच्या डब्यावरचं पोर्ट देणारं आहे, म्हणून ते एक्स्चेंजच्या घेणाऱ्या पोर्टाला जोडायचं. देणारं पोर्ट देणाऱ्याला जोडलं तर काहीच होत नाही. आणि देणाऱ्या पोर्टात चुकून तांब्याची जिवंत लाइन घातली तर घंटीच्या वेळी जास्त व्होल्टेज येऊन पोर्ट जळू शकतं. विक्रेत्याच्या मुलाने एक्स्चेंजची ही बाजू उघडूनही बघितली नव्हती.

जोडल्यावर घरातला एक आणि रंगाच्या शेडमधला एक असे दोन फोन बाहेरच्या नंबरवर वाजायला लागले. मागांच्या खोलीतला फोन आम्ही काढला, खटखटाटात पलीकडच्याला काहीच ऐकू जात नव्हतं. चौथा फोन भंडाऱ्याच्या दुकानात लावायचा दादांचा फार हट्ट होता. "दुकानातूनही तोच नंबर वाजला पाहिजे." दोन दुपारी आम्ही त्यावर घालवल्या. तो दुकानातला फोन घरच्या एक्स्चेंजपर्यंत पोहोचेचना. घरच्या नेट कनेक्शनला बाहेरून दिसेल असा स्वतःचा पत्ताच नव्हता. कंपनी एकाच पत्त्यामागे खूप घरं ठेवते. स्वतंत्र पत्ता महिन्याच्या पैशावर मिळतो. शेवटी मी म्हटलं, सोडा. फोन उचलला गेला नाही तर कॉल दुकानातल्या मोबाइलवर वळवा, झालं. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. पण काम होतं.

एकाच बाजूने आवाज येणं, ही या धंद्यातली प्रसिद्ध तक्रार. आपल्याला त्यांचं ऐकू येतं, त्यांना आपलं नाही. आयपी फोन किंवा अ‍ॅडॉप्टर वापरत असाल तर राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय शोधा आणि बंद करून बघा. नाव मदतीचं आहे, काम बहुधा घोळाचं करते. आवाज तुटत असेल तर लगेच जास्त वेगाचा प्लॅन घेऊ नका. एका संभाषणाला फार तर सेकंदाला ९० किलोबिट लागतात, तेही साधा, न दाबलेला आवाज धरून. तेवढं कुठल्याही फायबरवर आरामात आहे. अडचण येते ती त्याच वेळी कोणी साड्यांचा व्हिडिओ चढवत असेल तेव्हा. राउटरमध्ये आवाजाला आधी जाऊ द्या असं सांगायची सोय असते. नसेल तर व्हिडिओ रात्री चढवा. मीही माझे रात्रीच चढवतो.

आता माझं मत

मला नेहमी विचारतात, सर, किती लाइन घेऊ? मी उलटं विचारतो, फोन उचलणारी माणसं किती? तुम्ही एकटे असाल, टिफिन, मेहंदी, शिवणकाम, तर एक्स्चेंज सोडा, लँडलाइनही नको. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, धंद्याच्या मालकाच्या किंवा फर्मच्या नावावर, आणि ते खासगी कामाला वापरू नका. मोबाइलचा मोठा फायदा हा की २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनच्या नंबरला ही सोय आपल्याकडे नाही. कंपनी सोडली की नंबर सुटला. हे विक्रेते सांगत नाहीत. म्हणून लँडलाइन प्रकारचा नंबर घेताना सहा महिन्यांची ऑफर बघू नका. गावात ज्याचं फायबर टिकतं, ज्याचा माणूस बिघाडाला येतो, त्याच्याकडून घ्या, महिन्याला शंभर रुपये जास्त गेले तरी. तो नंबर खोक्यावर छापायचाय.

जिथे दोन-तीन माणसं आहेत, माल एका जागी आणि मालक दिवसभर बाहेर, तिथे मात्र जागेला बांधलेला नंबर हवाच. आंधळगावच्या घरात दादा फिरतीवर. कोणतं थान मागावरून उतरलं, कोणता रंग पुन्हा लागणार नाही, करवतकाठी साडीला किती दिवस लागतील, हे सगळं वहिनींना माहीत. आणि आठ वर्षं फोन मात्र आधी दिराच्या, मग दादांच्या खिशात! गिऱ्हाइकाने भाव विचारला की दादा म्हणायचे, "घरी विचारून सांगतो." सांगायचं राहून जायचं. फोन घरात बसल्यावर उचलणारी आणि उत्तर माहीत असणारी व्यक्ती एकच झाली. माझ्या मते या खटाटोपातली खरी कमाई ही आहे, आणि तिला एसआयपी लागतच नव्हतं. पहिल्याच वर्षी जुन्या तारेचा फोन घरात ठेवला असता तरी ती झाली असती.

'आमच्या सेवेत स्वागत आहे, मराठीसाठी एक दाबा' हे मात्र करू नका. तीन माणसांच्या धंद्यात एक दाबलं काय आणि दोन दाबलं काय, उचलणार वहिनीच. गिऱ्हाइकाला वाटतं बँकेत लागला, आणि तो ठेवून देतो. शिवाय एक व्यावहारिक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लँडलाइन नंबरवरही चालू करता येतं. पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. तो कॉल यंत्राकडून येतो. तुमच्याकडेही यंत्रच उचलत असेल तर दोन यंत्रं एकमेकांशी बोलत बसतात आणि कोड हवेत जातो. पडताळणीपुरता तरी साधा फोन लावा.

ज्यांचा धंदा खरंच दहा-पंधरा माणसांचा आहे, त्यांनी एक्स्चेंज जरूर घ्यावं, पण आधी कंपनीकडून एसआयपी ट्रंकचा लेखी प्रस्ताव घ्यावा. एकाच वेळी किती कॉल, महिन्याचं भाडं किती, कोणत्या बनावटीची यंत्रं चालतात. मग त्या यादीतलं यंत्र घ्यावं. फुकटातही जमतं. अ‍ॅस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर बसतं आणि एक्स्चेंजचं काम करतं. ते १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाने लिहिलं. त्याने नुकताच छोटा धंदा काढला होता, ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच बनवून बसला. मला ही गोष्ट आवडते. पण गावात ते सांभाळणारा मुलगा असेल तरच त्या वाटेला जा.

एक्स्चेंज कोणतंही असो, पहिलं काम म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणं. नेटवर उघड्या एक्स्चेंजचा शोध घेणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. एक सापडलं की रात्री दोन वाजता तुमच्या खात्यावरून परदेशी कॉल सुरू होतात आणि बिल तुम्हाला. परदेशी कॉल लागत नसतील तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्या.

आता तो बेकायदेशीर भाग. छोट्या गावात कोणी येऊन म्हणेल, तुमच्याकडे चांगलं नेट आहे, एक डबा ठेवतो, त्यात सिमकार्डं घालतो, महिन्याला भाडं देतो. मशीन आमचं, तुम्ही फक्त लाइट द्या. हा सिमबॉक्स असतो. परदेशातून नेटवर आलेले कॉल त्यातून स्थानिक कॉल म्हणून सोडतात. सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा बुडतो, आणि कॉल कोणी केला हे लपतं. फसवणुकीचे फोन असेच येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवान्याशिवाय अशी सेवा चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पोलीस येतात ते डबा ज्या घरात आहे तिथे. भाडं देणारा तोवर पसार असतो. धंद्याला भांडवल कमी पडतं, महिन्याला घरबसल्या पैसे म्हटलं की मन वळतं, हे मला कळतं. तरीही दारातूनच परत पाठवा.

गेल्या महिन्यात त्या घरी परत गेलो. बोर्ड नवा रंगवलाय. नंबर मोठा, एसटीडी कोडसकट, खाली व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह. खोक्यांचा जुना साठा संपेपर्यंत त्यावर स्टिकर चिकटवतात, मुलगी कात्रीने कापून देते. दिराशीही बोलणं झालंय. त्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला तर तो हा नंबर देतो. निदान तसं म्हणतो, दादा म्हणाले.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात फोन वाजला. दादा उठायला लागले, वहिनींनी हातानेच बसा म्हटलं आणि उचलला. पलीकडून कोणी पाच साड्या मागत होतं, दिवाळीच्या आधी. वहिनी म्हणाल्या, "पाच नाही होणार ताई. तीन होतील. बाकी दोन कार्तिकात."

यूपीएस जोडायचा आणि डायल प्लॅनमध्ये शून्य बसवायचा व्हिडिओ येत्या रविवारी टाकतोय. फायबरचा डबा मागून बघून ठेवा तोपर्यंत.